पूगाचे गंधक, त्सो कारचे मीठ आणि एप्रिलमधला बर्फ: इंदूरहून निघणाऱ्या चौघांना उत्तर

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण चार मित्र एक डिझेल थार आणि एक जुनी पेट्रोल जिप्सी घेऊन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरहून निघणार आहात. मनालीमार्गे बारालाचा खिंड ओलांडून लडाखमधील मोरे मैदानात उतरायचे, तेथून त्सो कार सरोवर पाहून पोलोकोंका खिंडीने पूगा खोऱ्यात जायचे आणि तेथील गंधकाची जुनी खाण ‘शक्य झाल्यास आतून’ पाहायची, असा बेत आहे. बर्फात गाडी चालवण्याचा अनुभव कोणालाही नाही, पण इंदूरजवळच्या चोरल आणि जानापावच्या चिखलात चार पावसाळे काढलेले आहेत. या सगळ्यासाठी कोणते टायर, कोणत्या साखळ्या आणि किती क्षमतेची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) घ्यावी, असे आपण विचारले आहे.

सामानाची यादी मी पाच मिनिटांत लिहून दिली असती, परंतु आपली अडचण सामानाची नाही असे मला वाटते. माझी नोकरी बालाघाट जिल्ह्यातील मँगनीजच्या भूमिगत खाणींत मोजणीच्या कामात गेली, आणि निवृत्तीनंतर इंदुरात स्थायिक झाल्यापासून मी जवळजवळ दरवर्षी हिमाचल आणि लडाखच्या वाटांवर जिप्सी घेऊन जातो. खाण आणि बर्फ या दोन वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींत एक साम्य मला हळूहळू दिसू लागले: दोन्ही ठिकाणी आपण जमिनीवर उभे नसतो, जमिनीवरच्या झाकणावर उभे असतो. बर्फाचा थर, सरोवराकाठची मिठाची पापडी, जुन्या विहिरीवर टाकलेल्या कुजक्या फळ्या, ही सारी झाकणेच होत. ते झाकण किती वजन पेलेल, किती वाजेपर्यंत पेलेल आणि ते फुटले तर खाली काय आहे, हा आपला खरा प्रश्न आहे. टायर आणि विंच यांचा विचार त्यानंतर येतो.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगून टाकतो. एप्रिलच्या अखेरीस मनाली–लेह रस्ता खुला असेलच, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ३ ऑक्टोबर २०२० पासून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यामुळे रोहतांगची अडचण मिटली असली, तरी सुमारे ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा तसाच आहे. अलीकडच्या काही वर्षांत बीआरओने (सीमा रस्ते संघटनेने) हा रस्ता मार्चअखेरही उघडला आहे, आणि पूर्वी मे महिना उजाडण्याची वाट पाहावी लागत असे. रस्ता ‘खुला’ झाल्यानंतरही काही दिवस एकेरी वाहतूक असते, साखळ्या नसतील तर नाक्यावर थांबवतात आणि दुपारनंतर पुढे सोडत नाहीत. म्हणून हॉटेलांची आगाऊ नोंदणी करून तारखांना स्वतःला बांधून घेऊ नका. बारालाचाचा धोका तारखेमुळे येतो असे म्हणण्यापेक्षा आपल्या घाईमुळे येतो असे म्हणणे जास्त खरे आहे.

माझी शिफारस मार्ग उलटा करण्याची आहे. श्रीनगर, झोजिला (३,५२८ मीटर) आणि कारगिल या वाटेने लेहला जा, लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर किमान दोन रात्री काढा, मग सिंधूच्या काठाने चुमाथांग आणि माहे पूल गाठून पूगात शिरा. तेथून पोलोकोंका ओलांडून त्सो कारला उतरा आणि रस्ता खुला असेल तरच मनालीकडून परत या. मनालीकडून जाताना दुसऱ्याच दिवशी बारालाचा आणि त्याच रात्री सरचूचा ४,२९० मीटरचा मुक्काम किंवा त्सो कारचा ४,५३० मीटरचा मुक्काम वाट्याला येतो. इंदूरच्या ५५० मीटरवरून निघालेल्या शरीराला ही चढण फार घाईची होते, आणि मध्ये कुठेही मोठे रुग्णालय नाही. डोके जड झालेला, रात्रभर न झोपलेला चालक बर्फावर जे निर्णय घेतो ते मी पाहिले आहेत. त्यातले काही माझेच होते.

आता बर्फ. चांगथांगचा प्रदेश, म्हणजे त्सो कार आणि पूगा हा भाग, शीत वाळवंट आहे. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटरच पाणी पडते, म्हणजे आपल्याकडे आषाढातल्या एका चांगल्या रात्रीत पडेल तेवढे. त्यामुळे खोल बर्फाशी आपली गाठ पडेल ती झोजिला आणि बारालाचा येथे. पोलोकोंकावर वाऱ्याने रस्त्याच्या वळणात लोटून आणलेला, दहावीस मीटर लांबीचा पण गुडघाभर खोल असा पट्टा एवढेच संकट बहुधा असेल. तो दिसायला निरुपद्रवी असतो. गाडीतून उतरून काठीने खोली पाहिल्याशिवाय त्यात चाक घालू नये, कारण त्याच्या खाली रस्ता असतो की रस्त्याकडेची घळ असते, हे वरून कळत नाही.

आपल्या माळव्यातल्या सरावाबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे, परंतु त्यातील एक सवय येथे घरी ठेवून निघावी लागेल. काळ्या मातीत चाक रुतू लागले की आपण ॲक्सिलरेटर दाबतो. चाक वेगाने फिरले की खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो, टायर खाली खणत जातो आणि नशिबाने मुरूम लागला की गाडी उसळी मारून बाहेर पडते. बर्फावर तेच केले तर चाकाच्या घर्षणाने वरचा पातळ थर वितळतो, काही क्षणांत पुन्हा गोठतो आणि चाकाखाली आरशासारखा गुळगुळीत खड्डा तयार होतो. म्हणून दुसऱ्या गिअरवर, जवळजवळ रिकाम्या पायाने गाडी हलवावी. चाक जागच्या जागी एक-दीड फेरी फिरले की पाय काढावा, आणि पुढे रेटण्याऐवजी स्वतःच्याच चाकोरीतून मागे यावे, कारण ती चाकोरी आपण दाबून पक्की केलेली असते. दोनतीनदा मागे-पुढे केल्यावर जो पट्टा आधी अडवत होता तो बहुधा वाट देतो.

उताराबाबत एक बारकावा आहे. ‘लो गिअरमध्ये टाका आणि ब्रेकला हात लावू नका’ हा सल्ला आपण ऐकला असेल; तो मुरूम आणि दगडांवर पूर्ण खरा आहे, पण निव्वळ बर्फाच्या काचेवर अर्धाच खरा आहे. फार खालचा गिअर टाकला तर इंजिन चाकांना इतके धरून ठेवते की ती फिरण्याऐवजी घसरू लागतात, म्हणजे ब्रेक न लावताही ब्रेक लागल्यासारखे होते. चाके ज्या वेगाने मोकळी फिरतील, पण गाडी वेग घेणार नाही, असा गिअर शोधावा लागतो, आणि घसरण सुरू झालीच तर पायाचा जोर वाढवण्याऐवजी क्षणभर सोडावा लागतो. हे सांगून येत नाही. बारालाचाच्या उतारावर शिकण्यापेक्षा सोलांग किंवा सोनमर्गजवळच्या एखाद्या सपाट, मोकळ्या जागी अर्धा दिवस मुद्दाम घसरून पाहा. फोर बाय फोरमुळे गाडी निघते लवकर. थांबते मात्र तेवढ्याच अंतरात जेवढ्यात शेजारची टॅक्सी थांबते.

कानांचाही उपयोग करा. संगीत बंद ठेवा आणि काच दोन बोटे खाली घ्या. दाबलेल्या, कोरड्या बर्फावर टायर करकर आवाज करतो, वितळत्या बर्फावर चपचप आवाज करतो, आणि डांबराला चिकटलेल्या पारदर्शक बर्फावर तो एकाएकी गप्प होतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या, दिवसभर सावलीत राहणाऱ्या वळणावर हा अबोला हमखास भेटतो. आवाज बंद झाला की स्टिअरिंग सरळ धरून, काहीही न करता, गाडी पुढे जाऊ द्यायची.

निघण्याची वेळ ही टायरपेक्षा महत्त्वाची आहे, आणि येथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. पहाटे रस्ता काचेसारखा गोठलेला असतो, पण वरच्या उतारावरचा बर्फ स्थिर असतो आणि रस्ता आडवे कापणारे ओढे बारीक असतात. दुपारी रस्ता मऊ होतो, पण ओढ्यांना वितळलेले पाणी भरते आणि उन्हाने सैल झालेले बर्फाचे ढीग खाली येऊ लागतात. मी साधारणपणे ऊन रस्त्याला लागल्यावर निघतो आणि मध्यान्हापूर्वी खिंडीच्या पलीकडे उतरलेला असतो. नुकताच मोठा बर्फ पडून गेला असेल तर दोन दिवस मुकाट्याने बसतो, आणि डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेकडून निघणारा हिमस्खलनाचा इशारा पाहिल्याशिवाय हलत नाही. उताराखाली छायाचित्रासाठी थांबणाऱ्या गाड्यांची रांग दिसली, तर त्या रांगेत आपली गाडी नसावी.

आता आपल्या मूळ यादीकडे वळतो. टायर बदलण्यापूर्वी हवेचा हिशेब समजून घ्या, कारण त्यावर लोक उगाच वाद घालतात. इंदुरात दुपारी ३५ अंश तापमानात ३२ पीएसआय हवा भरली आणि तीच गाडी ४,५०० मीटरवर नेली, तर बाहेरचा दाब सुमारे साडेपाच पीएसआयने कमी झाल्यामुळे मापकावर हवा तेवढी जास्त दिसायला हवी. परंतु पहाटे उणे १० अंशांत टायरमधली हवा आकसते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. मापक सुमारे ३१ दाखवते. त्याच दिवशी दुपारी १० अंशांत तेच मापक ३३-३४ दाखवेल. म्हणून वाटेत गावोगावी हवा कमी-जास्त करत बसू नका. जेथे चालवायचे तेथे, सकाळी, टायर थंड असताना मोजा. भुसभुशीत बर्फात मी १८ ते २० पर्यंत उतरवतो आणि मग वेग ३० च्या आत ठेवतो. १५ च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटण्याची शक्यता असते, आणि त्या थंडीत तो पुन्हा बसवणे म्हणजे निम्मा दिवस गेला.

साखळ्या चारही चाकांना मिळाल्या तर उत्तम. एकच जोडी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत ज्या चाकांना लावायला सांगितले आहे त्यांनाच लावा. फक्त पुढच्या चाकांना साखळ्या लावून तीव्र उतार उतरू नका, कारण पुढची चाके धरतात, मागची सुटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. साखळी लावण्याचा सराव घराच्या अंगणात, हातमोजे घालून आणि शक्यतो अंधारात करा. उघड्या बोटांनी उणे तापमानातील लोखंड दोन मिनिटे धरले की तिसऱ्या मिनिटाला बोटांना कडीचा आकडा सापडत नाही.

विंचबद्दल आपण सर्वांत जास्त लिहिले आहे, आणि तिच्याबद्दल माझे उत्तर सर्वांत लहान आहे. चांगथांगमध्ये झाड नाही. विंचचा दोर बांधायचा कशाला? स्टेपनी उभी पुरून तिला दोर बांधण्याची युक्ती वाळूत चांगली चालते, पण गोठलेल्या जमिनीत तेवढा खड्डा खणेपर्यंत माणसाचा श्वास संपतो. तेथे खरा आधार दुसरी गाडी हाच असतो, म्हणून दोन गाड्या घेऊन जाण्याचा आपला निर्णय विंचपेक्षा मोलाचा आहे. त्या पैशांत तीस मीटरचा एक जास्तीचा पट्टा, चांगल्या प्रतीच्या कड्या, ॲल्युमिनियमची रुंद फावडी प्रत्येक गाडीत एक आणि चाकाखाली घालायच्या फळ्या घ्या. टोचन करताना दोर चेसिसच्या हुकालाच लावा, बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला लावू नका, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका.

इंधनाबाबत थोडक्यात. मैदानी प्रदेशातील डिझेलमध्ये कडाक्याच्या थंडीत मेण धरते आणि फिल्टर तुंबतो. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणले ते याच कारणासाठी. एप्रिलअखेरीस तेवढी थंडी नसली तरी इंदूरची टाकी तशीच वर नेऊ नये; ती वाटेत रिकामी होत जाऊन शेवटची भरती डोंगरातल्या पंपावर व्हावी असे पाहा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना तोडगा आजच्या इंजिनांचे इंजेक्टर बिघडवतो, तो विसरून जा. गाडीत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल तर ते द्रावण उणे ११ अंशांना गोठते, एवढे लक्षात असू द्या. आपल्या जिप्सीचे ८० अश्वशक्तीचे इंजिन विरळ हवेमुळे बारालाचावर निम्म्याहून थोडेसे अधिक बळ देईल; ते बिघडले असे समजून कार्यशाळा शोधू नका. टांडीच्या पंपावरील ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे, आणि लो गिअरमध्ये बर्फातून चालणारी गाडी नेहमीपेक्षा दीडपट इंधन खाते असे धरून जेरीकॅन भरा.

येथपर्यंतचा भाग बर्फाचा झाला, आणि खरे सांगायचे तर तो यातला सोपा भाग आहे. बर्फाला सगळे घाबरतात, त्यामुळे तेथे माणूस सावध असतो. त्सो कारच्या काठावर मात्र ऊन असते, जमीन पांढरीशुभ्र आणि सपाट दिसते, आणि तेथेच गाड्या रुततात.

त्सो कार म्हणजे पांढरे सरोवर. या सरोवराच्या काठचे मीठ चांगपा पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आणि मेंढ्यांच्या पाठीवर लादून खालच्या गावांत जवाच्या बदल्यात देत. २०१६ च्या मे महिन्यात मी तेथे मळलेली वाट सोडून पाण्याच्या दिशेने केवळ चाळीसेक पावले जिप्सी नेली, कारण मिठाच्या कडेचे छायाचित्र हवे होते. पापडी सिमेंटच्या कोब्यासारखी दिसत होती. पुढची चाके तिच्यावर चढली तेव्हा भाजक्या पापडावर बोट दाबावे तसा बारीक आवाज आला, आणि तो मी ऐकला, हे कबूल करायला हवे. ऐकूनही मी गाडी आणखी दोन हात पुढे घेतली. मग बोनेट खाली झुकले आणि चाके काळ्या-करड्या चिखलात थेट अॅक्सलपर्यंत गेली. दुपारचे साडेबारा वाजले होते, म्हणजे ही चूक करायची सर्वांत वाईट वेळ, कारण उन्हाने सारे काही आणखी मऊ होत होते. साथीदाराची गाडी शहाणपणाने वाटेवरच उभी राहिली आणि तिचा दोर आमच्या हुकापर्यंत सहा-सात हात अपुरा पडला. चार वाजेपर्यंत आम्ही खणत होतो, आणि खणलेली प्रत्येक जागा पाण्याने भरत होती. शेवटी सोबतच्या चांगपा गृहस्थांनी आम्हाला फावडी खाली ठेवायला सांगितली आणि सकाळपर्यंत थांबा असे खुणेने सुचवले. पहाटे तोच चिखल विटेसारखा कडक झाला होता. दोन दोर जोडून, हवा १५ वर आणून, गाडी दहा मिनिटांत बाहेर आली. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा माझ्या चाकांच्या त्या दोन रेघा तशाच होत्या. ही पाणथळ जागा २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, काळ्या मानेचे क्रौंच तेथे घरटी करतात, आणि त्या रेघा माझ्या आहेत हे मला अजून टोचते. आपण वाट सोडू नका, एक चाकही सोडू नका.

पूगा खोऱ्यात हीच पापडी आहे, फक्त तिच्याखाली गरम पाणी आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यातील झऱ्यांचे पाणी ८४ अंशांपर्यंत तापलेले असते, आणि त्या उंचीवर पाणी जवळपास तेवढ्यालाच उकळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात येथे भूऔष्णिक ऊर्जेसाठी छिद्रे पाडली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासनाबरोबर १ मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला. वाफ सोडणारे नळ आणि कुंपणे दिसली तर लांबूनच पाहा. थंड जमिनीवर जिथे बर्फ टिकलेला नाही असा गोल, ओलसर, कोमट तुकडा दिसला तर तेथे पायही ठेवू नये.

खाणीबद्दल माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण केवळ नकार देऊन थांबत नाही. या खोऱ्यात दोन खनिजांसाठी माणसे येत होती: गंधक आणि टाकणखार (बोरॅक्स). कनिंगहॅम यांच्यासारख्या १९ व्या शतकातल्या प्रवाशांनी दोहोंचा उल्लेख केला आहे. टाकणखार आपल्या परिचयाचा आहे. माझ्या मावसभावाची सराफ्यात पेढी होती, आणि संध्याकाळी दुकाने मिटून खाऊगल्ली सुरू होण्याच्या वेळी तो शेवटचा डाग लावत, म्हणजे दागिन्याचा सांधा जोडत, बसलेला असे. सांध्यावर टाकणखाराची चिमूट टाकली की ती ज्योतीत लाहीसारखी फुगे, मग काचेसारखी वितळून सांध्यावर पसरे आणि तिच्या आवरणाखाली डाग धावत जाई. पूगाच्या ओढ्याकाठी हिवाळ्यानंतर जमिनीवर जी पांढरी भुकटी फुललेली दिसते, ती त्याच लाहीची मूळ वस्तू आहे. मेंढ्यांच्या पाठीवरून खिंडी उतरून येणारा हिमालयातला हा माल आधी इटलीतील बोरिक आम्लापुढे आणि १८७० नंतर नेवाडा-कॅलिफोर्नियातील साठ्यांपुढे टिकला नाही. त्यामुळे येथे भव्य यंत्रे, मनोरे किंवा रेल्वेचे रूळ पाहायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. दिसतील ते पिवळ्या कडांचे खडक, उकरलेल्या खळग्या आणि राडारोड्याचे ढीग. हे सारे बाहेरूनच वाचायचे असते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ते फार सुंदर वाचता येते.

आत का जाऊ नये, याची दोन कारणे आहेत. पहिले छताचे. नोकरीच्या सुरुवातीला एका वृद्ध मेटने (मुकादमाने) मला पहारीने छत ठोकून पाहायला शिकवले. घट्ट खडक खणखणीत वाजतो. थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो, ओल्या मडक्यासारखा. एकदा मी मोजणीची फीत धरून उभा असताना त्याने शेजारी ठोकले, आवाज बद्द आला आणि काही न बोलता त्याने माझी कॉलर धरून मला चार पावले मागे ओढले. अर्ध्या तासाने त्या जागी दाराच्या फळीएवढा पत्थर पडलेला होता. ती चालू खाण होती, रोज तपासली जाणारी होती. गंधकाच्या खळग्यांतला खडक तर वाफेने आणि आम्लाने कुजलेला असतो, आणि दर रात्री त्याच्या भेगांतले पाणी गोठून पाचर मारल्यासारखी त्या रुंदावत असते. एप्रिल-मे हा दगड निखळण्याचाच हंगाम आहे.

दुसरे कारण वायूचे, आणि ते अधिक फसवे आहे. गंधकाच्या आणि गरम झऱ्यांच्या जागी हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, त्यामुळे लोकांना वाटते की वास येईल तेव्हा बाहेर पडू. परंतु हवेत दहा लाख भागांत शंभराच्या आसपास भाग झाले की नाकाची संवेदनाच बधिर होते, म्हणजे वास नाहीसा झाला हे सुटकेचे नव्हे, तर धोक्याचे चिन्ह ठरते. हा वायू आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड असल्यामुळे खळग्याच्या तळाशी साचतात, आणि छायाचित्रासाठी गुडघे टेकून वाकलेला माणूस नेमका त्यांच्यात नाक घालतो. आपल्याकडील खाणींच्या नियमांप्रमाणे जेथे प्राणवायू १९ टक्क्यांपेक्षा कमी असेल तेथे माणसाला काम करू देत नाहीत. ४,४०० मीटरवर उघड्या आकाशाखालीही छातीला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या हिशेबाने १२ टक्क्यांएवढाच असतो. म्हणजे आपण खाणीच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हाच आपली शिल्लक संपत आलेली असते.

असाच एक फसवा वायू, कार्बन मोनॉक्साइड, गाडीच्या धुरातही असतो. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली तर दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे करा, इंजिन सतत न चालवता अधूनमधून चालवा आणि ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच थोडी उघडी ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० पेक्षा जास्त माणसे दगावली, ती थंडीने आणि कोंडलेल्या धुराने. मुक्कामाच्या खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपू नका, यजमानांनी कितीही प्रेमाने आणून दिली तरी.

संपर्काबाबत एवढेच की इंदूरचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. चौघांपैकी किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड जोडणी असू द्या, आणि पूगा-त्सो कारच्या पट्ट्यात तीही बहुतेक वेळ मुकी राहील असे गृहीत धरा. परदेशातील नातेवाइकाने दिलेला उपग्रह फोन किंवा तसले संदेशयंत्र परवान्याशिवाय बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे तो मोह टाळा. त्याऐवजी लेहमधल्या कोणाला तरी रोजचा मार्ग आणि परतण्याची वेळ लेखी देऊन ठेवा, आणि वेळ टळल्यावर किती तासांनी त्याने कोणाला कळवायचे हेही त्यातच लिहा.

जिप्सी न्यावी की नाही, असेही आपण शेवटी विचारले आहे. तिची बॅटरी आणि कूलंट नवे असेल, हीटर खरोखर गरम हवा देत असेल आणि ती हलकी ठेवणार असाल, तर अवश्य न्या. पापडीवर आणि बर्फावर हलकी गाडी नेहमीच बरी. फक्त निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी दोन्ही गाड्या चोरलला नेऊन चारही टायर १८ पर्यंत उतरवा, मग आपल्याच पंपाने पुन्हा ३२ पर्यंत भरा आणि त्याला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. वर हवा विरळ असल्यामुळे त्याच कामाला दीड ते पावणेदोन पट वेळ लागेल, आणि पोलोकोंका उतरल्यावर दिवस किती उरतो याचा हिशेब त्या आकड्यावरून करायचा आहे.